हायकू झाला?

सुप्यातल्या माणसाला ‘थोडक्यात सांगा’ म्हटलं की थोडक्यात म्हणजे किती, यावरच तो आधी अर्धा तास घेतो. अशा गावात तीन ओळींची, सतरा अक्षरांची जपानी कविता रुजेल यावर मी पैज लावली नसती. पण रुजली, आणि आता उपटता उपटत नाही.

सुपे म्हणजे बारामती तालुक्यातलं सुपे. नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीवालं सुपे वेगळं. त्यांची पार्सलं आमच्याकडं आणि आमची त्यांच्याकडं जातात, तो भाग निराळा. शहाजीराजांच्या जहागिरीमुळं इतिहासात ‘पुणे-सुपे’ असा जोडीनं उल्लेख येतो. जोडीतल्या एकाचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं अजून पाण्याच्या आवर्तनाची वाट बघतंय. १६५६ साली शिवाजी महाराजांनी हा महाल आपल्या सावत्र मामाकडून, संभाजी मोहित्यांकडून काढून घेतला. सभासदाच्या बखरीत हे सगळं प्रकरण चार-दोन वाक्यांत उरकलंय: शिमग्याचं पोस्त मागायला म्हणून भाचा गेला, मामा कैद झाला, महाल ताब्यात आला. आमचे गुरुजी म्हणतात, हा गावाचा पहिला हायकू. प्रसंग एक, शब्द मोजके, आणि ऋतूही आला, शिमगा!

या सगळ्या उपद्व्यापाच्या मुळाशी हे गुरुजीच आहेत. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती शिरीष पैंचं एक पुस्तक पडलं आणि त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम टाकले. कविता नाही, नियम. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पाच. ऋतूची खूण हवी. एखादा क्षण हवा. उपदेश अजिबात नको. ही शेवटची अट वाचून ग्रुप दिवसभर गप्प होता, कारण तोवरचा ग्रुपवरचा सगळा मजकूर त्याच एका अटीत बाद होत होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या माजी चेअरमननी नेहमीप्रमाणे गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ टाकलं. गुरुजी टपूनच होते. “वा, चेअरमन! पाच अक्षरं झाली. पुढं?” चेअरमन आंघोळीला गेले होते, म्हणून मेडिकलवाल्यांनी त्यांच्या वतीनं पूर्ण करून टाकलं:

शुभ सकाळ
पुढील दोन ओळी
चहानंतर

ग्रुपवर एकच हशा उसळला. गुरुजींनी बोटं मोजून पाहिली. पाच-सात-पाच, तंतोतंत. ऋतू नव्हता, पण चहा हा बारमाही ऋतू आहे असा निर्णय बहुमतानं झाला.

खरी गंमत पुढं. सुपे हे मापावर विश्वास नसलेलं गाव आहे. उसाचं वजन, दुधाचं फॅट, पावसाचे मिलिमीटर, टँकरच्या खेपा, सगळं आम्ही एकदा मोजून घेतो आणि मग दुसऱ्याकडून मोजून घेतो. त्यामुळं कुणीही हायकू टाकला की कविता कशी आहे हे कुणी बघतच नाही. आधी काट्यावर चढवतात. “दुसऱ्या ओळीत आठ भरतात!” अशी ओरड झाली की कवी खुलासे करत सुटतो. सगळ्यात मोठं भांडण ‘पाऊस’ या शब्दावरून झालं. लिहिताना पा-ऊ-स अशी तीन अक्षरं, तोंडानं म्हणताना दोनच ऐकू येतात. गुरुजी म्हणाले, लिहू तसं मोजायचं. त्यावर पिठाच्या गिरणीवाले नाना म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पुस्तकात असेल तीन अक्षरांचा. आमच्याकडं पाऊस दोनच अक्षरांचा पडतो.” यावर उत्तर नव्हतं. खुद्द जपानी लोक तर आणखी चिकट. त्यांच्यात शेवटचा ‘न्’सुद्धा वेगळा धरतात; ‘निप्पोन’ हे नाव त्यांच्या हिशेबानं चार भरतं. मराठीत मात्र शिरीष पैंनी अक्षरांचा असा तराजू कधी लावला नाही. तीन ओळी, त्यातल्या दोन ओळींचं यमक आणि एक जिवंत क्षण, एवढ्यावर त्यांनी मराठी हायकू उभा केला. गुरुजींना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ग्रुपला त्यांनी ते बरेच दिवस सांगितलं नाही. “मोजायचं नाही असं सांगितलं असतं, तर एकानंही लिहिलं नसतं,” हे त्यांचं म्हणणं. माणसं ओळखण्यात गुरुजींचा हात धरणारा गावात नाही.

शिरीष पैंचं नाव निघालं की गुरुजींची छाती फुगते. त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या. अत्रे पुरंदर तालुक्यातल्या कोडीतचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांच्या सासवडची कऱ्हा नदी पुढं मोरगावावरून बारामतीला येते आणि मग नीरेला मिळते. अत्र्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘कऱ्हेचे पाणी’. मोजा: क-ऱ्हे-चे-पा-णी. पाच! बापानं पहिली ओळ लिहून ठेवली आणि लेकीनं पुढं हायकू आणला, अशी गुरुजींची मांडणी आहे. हायकू जपानहून आला असं म्हणणाऱ्याला ते शांतपणे सांगतात, “आला असेल. पण सासवडमार्गे आला.”

चेअरमनना हे सहन होईना. ते बागायती पट्ट्यातले, त्यांचा ओढा बारामतीकडं. त्यांनी थेट मोरोपंत काढले. मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याचे, पण त्यांची सगळी हयात बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेली. पाऊण लाखाच्या घरात कविता, एकशे आठ रामायणं. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लागणारं एकही अक्षर न वापरता रचलेलं. प-फ-ब-भ-म वर्ज्य. रामाच्या नावातच ‘म’ आहे, तरी माणसानं रामायण लिहिलं! अटी घालून घ्यायची आणि त्या पाळून दाखवायची हौस या तालुक्याला तेव्हापासून आहे, हा चेअरमनांचा मुद्दा मला पटतो. पण त्यांच्या मुद्द्यावर कळस चढवला तो गुरुजींनीच. मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे आणि पृथ्वीच्या एका चरणात अक्षरं असतात बरोबर सतरा. म्हणजे एकशेवीसच्या आसपास श्लोक, दर श्लोकात चार चरण. बारामतीत अठराव्या शतकातच पावणेपाचशेच्या वर सतरा अक्षरी ओळी लिहून झाल्या होत्या. फक्त पंतांनी मधे थांबून चहा घेतला नाही, म्हणून तीन ओळी पडल्या नाहीत. चेअरमन एवढे खूश झाले की त्या दिवशी त्यांनी ‘शुभ रात्री’सुद्धा टाकलं. (ते चारच भरतं. त्यांना अजून माहीत नाही.)

मोरोपंतांची आर्या हे पाटाचं पाणी आणि हायकू म्हणजे ठिबक. दोन्ही पद्धती आमच्याच तालुक्यात नांदतात. ब्रिटिशांच्या काळात नीरा डावा कालवा निघाला, त्यानं बारामती-इंदापूरचा दक्षिण भाग हिरवा केला. सुप्याचा टापू राहिला वर, जिरायतात. ही फाळणी ग्रुपवरच्या कवितेतही अशी दिसते की नाव झाकून सांगावं कुणाची ते. बागायतदाराचं दुःख असं असतं:

उसाला तुरा
टोळी अजून नाही
वजन घटे

आणि जिरायतातलं असं:

टँकर आला
हंडे आधीच उभे
माणसे मागे

दुसरा वाचून चेअरमननीही अंगठा दिला, मग अर्ध्या तासानं तो काढून घेतला, मग परत दिला. इतकं मोठं समीक्षण गुरुजींच्या आयुष्यात त्यांना कुणी दिलं नव्हतं. हो, तो हायकू त्यांचाच.

ऋतूच्या खुणेचा प्रश्न मात्र आमच्याकडं लवकर सुटला. जपानी हायकूवाले म्हणे ऋतुदर्शक शब्दांचे कोश बाळगतात. आपल्याकडं तो भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो. पंचांग उघडलं की काम झालं. मृगाचं वाहन काय, आर्द्राचं काय, हे इथं शाळेतलं पोरगं सांगतं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. एवढी नातीगोती जपानच्या पावसालाही नसतील. शिवाय उपबाजारात चिंचेचे लिलाव लागले की उन्हाळा, मेंढरं वाड्यासकट परत फिरली की पावसाळा. अभयारण्यातलं गवत पिवळं पडून कुसळं पायजम्याला चिकटायला लागली की हिवाळा. हे मयूरेश्वर अभयारण्यही हायकूच्याच मापाचं आहे, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलं. पुण्याहून लोक मोठमोठ्या लेन्सा घेऊन येतात. आमच्या मेडिकलवाल्यांचा अनुभव साधा:

चिंकारा दिसे
मोबाईल काढेतो
फक्त कुसळे

गुरुजींच्या मते आजवरचा हा सगळ्यात शुद्ध हायकू. त्यावर नानांनी आकडेमोड करून सांगितलं की या टापूत हायकू लिहायची गरजच नाही, नुसत्या पाट्या वाचत जा. आणि खरोखर टाकला:

मयूरेश्वर
जनाई-शिरसाई
अभयारण्य

देव, उपसा सिंचन योजना आणि हरणं. पाच, सात, पाच. गुरुजींनी विचारलं, “यात क्रियापद कुठंय?” नाना म्हणाले, “आवर्तन सुटलं की येईल.”

निसर्गकवितेला खरा त्रास झाला तो राजकारणाचा. मेडिकलवाल्यांच्या सुनेनं तळ्यातल्या कमळावर तीन फार सुरेख ओळी लिहिल्या, तर दोन मिनिटांत प्रश्न आला, “हा प्रचार आहे का?” मग तोल साधायला कुणी भिंतीवरच्या घड्याळावर लिहिलं, कुणी लग्नातल्या तुतारीवर. बारामती तालुक्यात या दोन वस्तू निरागसपणे वापरणं आता शक्य नाही हे बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. हात, मशाल, धनुष्य, इंजिन, सगळंच कुणी ना कुणी नेलेलं. शेवटी ॲडमिननी जाहीर केलं की निवडणुकीपर्यंत फक्त बाभळीवर लिहावं. बाभळीची मागणी अजून कुणी केलेली नाही.

असाच दुसरा प्रसंग कडुनिंबावरून झाला. गुरुजींनी पहाटे पान गळताना पाहिलं आणि भावुक होऊन टाकलं:

पान गळाले
कडुनिंब तरीही
उभाच आहे

खाली ओळीनं अकरा जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. मग एकानं विचारलं, “कुणाचं झालं?” दहाच्या सुमाराला दोघंजण गुरुजींच्या दारात येऊन, चपला काढून, हात जोडून उभे. गुरुजींनीच दार उघडलं.

आता तरुण पिढीबद्दल. दूध संकलन केंद्रावरचा एक पोरगा आहे, तो कॅन उतरवता उतरवता हायकू टाकतो. एक कॅन, एक हायकू. सकाळच्या रतिबात ग्रुप भरून जातो. वैतागलेल्या ॲडमिननी त्याला गप्प करायचं ठरवलं, तेव्हा गुरुजी आडवे आले. त्यांनी इहारा सायकाकूचं उदाहरण दिलं. या गृहस्थानं १६८४ साली ओसाकाच्या सुमियोशी देवळात एका दिवस-रात्रीत एकट्यानं २३,५०० कडवी रचली. मिनिटाला सोळा पडतात! लिहून घेणाऱ्यांना लिहिणं जमेना, तर ते नुसत्या रेघा ओढत बसले. एवढा मोठा विक्रम, आणि त्यातलं हाती काय राहिलं, तर हिशेब. पोरानं हे वाचलं आणि विचारलं, “गुरुजी, त्याला फॅट किती लागलं?”

गंमत वाटते ती याची, की हायकू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मौन, धुकं आणि एकटा बसलेला साधू उभा राहतो. मूळचा मामला असा नव्हताच. बाशो या जपानी कवीच्या काळात (१६४४–१६९४) चार जण बैठक मारून बसत. एकानं पाच-सात-पाचची सुरुवात करायची, दुसऱ्यानं सात-सातची दोन ओळींची जोड द्यायची, तिसऱ्यानं परत पाच-सात-पाच. अशी छत्तीस कडव्यांपर्यंत माळ चाले, मधे खाणं, पिणं, टोमणे. या प्रकाराचं नावच मुळी थट्टेचं होतं. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकीनं पहिलं कडवं तोडून वेगळं केलं, त्याला हायकू म्हणायला लावलं, आणि तेव्हापासून ते बिचारं एकटं पडलं. आमच्याकडं ते परत माणसांत आलंय. ज्या मुलखात कलगीवाल्यानं प्रश्न टाकला की तुरेवाल्यानं रात्रभर झोप मोडून जबाब द्यायचा, तिथं तीन ओळी टाकून कुणी गप्प बसूच देणार नाही.

उदाहरण देतो. शेतीची लाईट रात्रीची होती. नानांनी शेतातून टाकलं:

लाईट आली
मोटर चालू झाली
लाईट गेली

मेडिकलवाल्यांनी अंथरुणातूनच सात-सातची जोड दिली:

डीपीवर कावळा
तोही आता गेलेला

लगेच चेअरमन:

वायरमन
फोन उचलेना की
रेंजच नाही

यावर बराच वेळ काही नाही. मग थेट वायरमनचाच जबाब आला. तोही ग्रुपवर आहे हे सगळे विसरलेच होते:

शिडी द्या कुणीतरी
खांबावर आहे मी

बाशोच्या बैठकीत असं कडवं आलं असतं तर त्यांनीही माळ तिथंच थांबवली असती. आम्हीही थांबवली, कारण निम्मा ग्रुप शिडी शोधायला गेला होता.

या सगळ्यात गुरुजींनी एक दिवस गंभीर चेहऱ्यानं घोषणा केली की आपण लिहितो ते हायकू नव्हेच. निसर्ग आणि ऋतू सोडून माणसांच्या खोड्यांवर लिहिलेल्या सतरा अक्षरांना जपानीत सेनर्यू म्हणतात. हे नाव कारई सेनर्यू नावाच्या माणसावरून पडलं. एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, आसाकुसा भागाचा तो मुखिया. आपल्या भाषेत पाटीलच. लोक फी भरून त्याच्याकडं ओळी पाठवायचे, तो निवडायचा, निवडलेल्या छापून यायच्या. १७६५ साली असा पहिला संग्रह निघाला. सासवा, दारुडे, लाचखाऊ अंमलदार, सगळे त्यात. म्हणजे गावच्या पाटलानं गावच्या टवाळीचा निवाडा करायचा! हे ऐकून ॲडमिनचा चेहरा उजळला. फीचा मुद्दा त्यांनी लगेच उचलून धरला. कवी मात्र नाराज. “इतके दिवस हायकू म्हणून मिरवलं, पाव्हण्यारावळ्यांना सांगितलं, आता शेनर्यू म्हणून कसं सांगायचं?” नानांच्या तोंडी तो शब्द असाच बसला होता. प्रश्न पुन्हा बहुमतानं सुटला. हायकूच.

बायकांचा वेगळा ग्रुप आहे, आणि माझ्या मते खरी कविता तिकडं चालते. त्यांना हे काही नवीन नाही. जात्यावर बसून एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची, हे त्यांच्या आज्या करत आल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या अशा बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. कुणाही बाईनं आपली अक्षरं किती भरली म्हणून दुसरीला मोजायला लावली नव्हती. हात दळणात होते. मेडिकलवाल्या वहिनींनी एका संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर एकच मजकूर टाकला:

हायकू झाला?
दळण आणायला
कोण जाणार?

पुरुषांच्या ग्रुपवर एकदम निळ्या टिका उमटल्या, उत्तर नाही. प्रत्येकाला वाटलं हे आपल्याच घरून आलंय. चेअरमन तर डबा घेऊन निघालेसुद्धा. गिरणीच्या दारात पोचले तेव्हा नानांचा जबाब येऊन पडला होता:

गिरणी बंद
नाना हायकू लिही
पीठ उद्याला

त्या रात्री गावात बऱ्याच घरी भात झाला.

आता ताजी बातमी म्हणजे हायकू संमेलन. मराठी माणूस चार ओळी लिहायला लागला की पाचव्या ओळीत संमेलन येतं. आम्ही तिसरीतच आणलं. मंडप ठरलाय. प्रत्येकी तीन हायकू धरले तरी सगळ्यांचं वाचन पंधरा-वीस मिनिटांत संपतं, ही मोठीच अडचण उभी राहिली. मंडपवाला म्हणाला, “एवढ्यासाठी मी बांबू पुरणार नाही.” मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार, सत्काराला उत्तरं, असं करत कार्यक्रम चार तासांवर नेला. प्रास्ताविक गुरुजींकडं दिलंय. विषय: ‘मितभाषा’. त्यांनी दीड तास मागितलाय. चेअरमननी अध्यक्षपद घेताना मोरोपंतांवर बोलायची अट घातली, ओठ न लावता बोलणार का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. वायरमनचा विशेष सत्कार आहे आणि त्याला शिडी देण्यात येणार आहे.

निमंत्रणपत्रिकेचा मजकूर ठरवायला बैठक बसली ती रात्री साडेअकरापर्यंत चालली. मान्यवरांची नावं कोणत्या क्रमानं, यावर दोनदा तोडगा निघून दोनदा मोडला. शेवटी वहिनींनी पत्रिका स्वतःच लिहून दोन्ही ग्रुपवर टाकली आणि त्याखाली पहिल्यांदाच कुणी अक्षरं मोजली नाहीत:

जेवण आहे
संमेलनही आहे
या वेळेवर